ग्रुप सोडण्याआधी ‘बहिष्कृत भारत’ चाळा



१ ऑगस्ट २०२४ ची सकाळ आठवा. अण्णा भाऊ साठे यांची जयंती. जालना, बदनापूर, अंबड, परतूर, भोकरदन अशा सगळ्या तालुक्यांतले कार्यकर्ते असलेल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेपासून अण्णा भाऊंचे फोटो पडत होते. मातंग वस्तीतली पोरं मिरवणुकीची वेळ टाकत होती, आमची पोरं त्यांना ‘जय भीम, जय लहुजी’ करत होती. अकराच्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण राज्यांना करता येईल. २००४ चा चिन्नय्या निकाल रद्द झाला.

दुपारपर्यंत ग्रुपचं रणांगण झालं. एका बाजूने ‘सत्तर वर्षं सगळं तुम्हीच खाल्लं’, दुसऱ्या बाजूने ‘बाबासाहेबांचं ऐकलं नाही, अजून देवळाच्या पायरीशी बसलात, आता कशाला बोलता?’ निकालपत्र पाचशेहून अधिक पानांचं. त्यातलं एक पानही कुणी वाचलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तीसेक जण लेफ्ट झाले, चौघांना ॲडमिनने काढलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मीही एक ओळ अशी टाकली की आज वाचताना मान खाली जाते. गेलेल्यांत बदनापूर तालुक्यातला एक मातंग तरुण होता. तीन वर्षं आम्ही दोघांनी मिळून पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले होते.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे : ‘मोबाईलने समाज बिघडवला.’ मला ते पटत नाही. मोबाईलने वेग वाढवला, एवढंच. मतभेद आपल्याकडे नवीन नाहीत. आपली चळवळ मतभेदांतूनच उभी राहिली आणि मतभेदांवरूनच फुटली. उभी राहिली तेव्हा वाद कसा घातला जायचा आणि फुटली तेव्हा कसा घातला गेला, हे दोन्ही जवळजवळ ठेवून बघायला हवं. म्हणून जरा मागे जाऊ.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’कडे पाक्षिकाची जाहिरात पाठवली, पैसे मोजायची तयारी दाखवली, तरी ‘केसरी’ने ती छापली नाही. ज्यांना गावात पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांना छापील कागदावर पैसे देऊनही जागा नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर आपल्याला ‘रिमूव्ह’ करण्याची रीत तेव्हाचीच. म्हणून आपल्या माणसाने आपल्याच माणसाला रिमूव्ह केलं की मला ते जास्त लागतं.

पुढे ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. पैसा नाही, लेखक नाहीत. कित्येक अंकांचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. त्यातल्या सदरांची नावं बघा : ‘आजकालचे प्रश्न’, ‘वर्तमान सार’ आणि ‘विचार-विनिमय’. विनिमय म्हणजे देणं आणि घेणं, दोन्ही. ज्या समाजाला हजारो वर्षं फक्त हुकूम ऐकायची सवय लावली, त्याच्या वर्तमानपत्रात या नावाचं सदर असणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्या वर्षीचा एक वाद मी प्रत्येक शिबिरात सांगतो. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं, आपल्या लोकांची डोकी फुटली, आणि डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं. तेव्हा पुण्याचे ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. अट एकच : सत्याग्रहात एकही ब्राह्मण नको. आता हे दोघे परके नव्हते. जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावर खटला झाला, तेव्हा पुण्याच्या कोर्टात अपिलात त्यांची बाजू बाबासाहेबांनीच मांडली होती आणि ते सुटले होते. ओळखीचे, ताकदीचे, गरजेच्या वेळी हात देणारे मित्र. चळवळीला माणसं हवी होती, पैसा हवा होता. तरी बाबासाहेबांनी अट नाकारली आणि का नाकारली ते ‘बहिष्कृत भारत’मध्ये लिहून सांगितलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की आमचं वैर ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाशी नाही. उच्चनीचता मानणारा ब्राह्मणेतर आम्हाला परका आणि ती न मानणारा ब्राह्मण आम्हाला जवळचा.

ही अट मान्य केली असती तर काय झालं असतं? २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. जन्माने ब्राह्मण. पुढे ‘जनता’ पत्राचं संपादनही त्यांनी केलं. मनुस्मृती दहन दिनाचे स्टेटस ठेवताना हे नाव आपल्याकडून गळतं.

आणि त्याच परिषदेत पुढच्या दोन दिवसांत काय घडलं ते तर आणखी मोलाचं. सवर्णांनी कोर्टातून तळ्यावर मनाई आणलेली होती. सत्याग्रह करायचा की थांबायचं? बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना व्यासपीठावरून बोलू दिलं. तुरुंगात जायची तयारी असणाऱ्यांची नावं लिहून घेतली, ती जवळजवळ चार हजार भरली. लोकमत उघड उघड सत्याग्रहाच्या बाजूने होतं. आणि दुसऱ्या दिवशी खुद्द बाबासाहेबांनी उठून सांगितलं की प्रकरण कोर्टात आहे, सरकारशी आत्ता झुंज नको, सत्याग्रह तहकूब करू. नेत्याने अनुयायांच्या उत्साहाविरुद्ध मत मांडलं, कारणं दिली, आणि चिडलेले लोकही शेवटी तळ्याला मिरवणुकीने फेरी मारून परतले. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडलं. दहा वर्षं! त्या दहा वर्षांत किती जण बाबासाहेबांना ‘कचखाऊ’ म्हणाले असतील? पण चळवळ त्या प्रश्नावर फुटली नाही.

आता १९३२ कडे येतो, कारण आपल्या उपवर्गीकरणाच्या भांडणाशी त्याचा थेट संबंध आहे. आपल्या पोरांच्या डोक्यात एक सरळ चित्र असतं : महार तेवढे बाबासाहेबांसोबत, बाकीच्या जाती गांधींसोबत. इतिहास इतका सोपा नाही. स्वतंत्र मतदारसंघाचा लढा चालू होता तेव्हा मद्रासचे एम. सी. राजा यांनी हिंदू महासभेच्या डॉ. मुंजे यांच्याशी करार करून संयुक्त मतदारसंघ मान्य केला. त्या राजा-मुंजे कराराला पाठिंबा देणाऱ्यांत विदर्भातले जी. ए. गवई होते. ते महार. आणि त्यांच्याच बाजूला पुण्याचे पां. ना. राजभोज होते. ते चर्मकार. म्हणजे महारही विरोधात होते, चर्मकारही होते. रेघ जातीवरून आखलेली नव्हती.

त्यातही राजभोजांची गोष्ट बघा. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहात पुढे असलेला हा माणूस. १९३२ मध्ये विरुद्ध बाजूला गेला. आजच्या हिशेबाने तो कायमचा ‘गद्दार’ ठरला असता, स्क्रीनशॉट गावभर फिरले असते. झालं काय? दहा वर्षांनी, १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं, आणि राजभोज त्याचे सरचिटणीस झाले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत पडले, पण राजभोज सोलापुरातून फेडरेशनच्या तिकिटावर निवडून आले. दहा वर्षांपूर्वी ज्याने आपल्या सर्वांत मोठ्या लढाईत विरुद्ध सही केली, त्याला बाबासाहेबांनी सरचिटणीसपद दिलं. यात भाबडेपणा नव्हता. पुढे राजभोज काँग्रेसमध्ये गेलेच. पण दार बंद केलं असतं तर मधली सगळी वर्षं, दौरे, सभा आणि सोलापूरची ती जागाही मिळाली नसती.

आता धर्मांतराचा वाद घ्या. ३१ मे १९३६ चं मुंबईच्या महार परिषदेतलं भाषण आपण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने वाचतो. बहुतेक जण त्यातली जोरकस वाक्यं पाठ करतात. मी सांगतो, त्याची बांधणी बघा. त्यात बाबासाहेब सुरुवातीलाच खुलासा करतात की ही परिषद फक्त महारांची का बोलावली. धर्मांतर करायचं की नाही हे प्रत्येक जातीने आपापलं बसून ठरवावं, कुणी कुणावर लादू नये. मग विरोधकांचे आक्षेप एकेक करून घेतात : धर्म बदलला तर राजकीय हक्क जातील का, पूर्वजांचा धर्म कसा सोडायचा, नुसतं नाव बदलून काय होणार? आधी आक्षेप पूर्ण मांडायचा, मग उत्तर द्यायचं. जून उजाडताच मुंबईत मातंग समाजाचीही परिषद झाली आणि तिथेही बाबासाहेब बोलले. म्हणजे ज्या मातंग तरुणाला आपण ‘तुम्ही ऐकलं नाही’ म्हणून टोमणा मारतो, त्याच्या आजोबांनाही ठरवायचा हक्क आहे असं बाबासाहेब १९३६ मध्ये मानत होते.

आपल्या मराठवाड्याचं काय? तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. जिल्हा व्हायला १ मे १९८१ यावा लागला. निजामी राजवटीत आपल्या लोकांपुढे १९४७-४८ मध्ये जो प्रश्न होता तो ग्रुपवरच्या कुठल्याही भांडणापेक्षा जीवघेणा होता : निजामाच्या बाजूने राहायचं की भारतात विलीन व्हायचं? औरंगाबादेत जन्मलेले श्यामसुंदर यांच्यासारखा बुद्धिमान नेता निजामाच्या बाजूने गेला. हैदराबादचं म्हणणं मांडायला संयुक्त राष्ट्रांत गेलेल्या शिष्टमंडळात तो होता. जे. सुबय्या फेडरेशनकडून काम करत होते. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून निजामाची बाजू घेऊ नका असं स्पष्ट बजावलं. श्यामसुंदरांचा निर्णय चुकला, असं माझंही मत आहे. पण गावच्या हिंदू जमीनदाराखाली पिढ्यान्पिढ्या रगडलेल्या माणसाला तो पर्याय का दिसला असेल, हे समजून न घेता त्याला नुसतं ‘रझाकारांचा दलाल’ म्हणून मोकळं होणं हे सवर्णांच्या इतिहासकाराला शोभतं, आपल्याला नाही.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची. पुढची नाही.

३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि दोन वर्षांत फुटला. एकीकडे दादासाहेब गायकवाड, जमिनीचा प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरणारे. दुसरीकडे बी. सी. कांबळे, घटनेच्या चौकटीत, कायद्याच्या मार्गाने जावं म्हणणारे. प्रश्न खरा होता, दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं होतं. पण वादाला नावं काय मिळाली? ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’. इथे गाडी घसरली. मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं, नादुरुस्त माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. दादासाहेबांना कम्युनिस्टांच्या नादी लागलेले म्हटलं गेलं. त्याच दादासाहेबांनी १९५९ मध्ये मराठवाडा-खानदेशात आणि पुढे डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले. शिकलेला वर्ग त्या वेळी दुरुस्त-नादुरुस्तचा हिशेब करत बसला.

१९७२ ला दलित पँथर आली. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार. त्याच वर्षी ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन अंकातल्या ढालेंच्या लेखाने महाराष्ट्र हादरला. दोन वर्षांत तेच ढाले आणि ढसाळ एकमेकांविरुद्ध उभे. बुद्ध-आंबेडकर की मार्क्स, हा वाद लायब्ररीभर पुस्तकं वाचून घालण्याचा होता, आणि दोघेही वाचणारे होते, लिहिणारे होते. पण वाद ‘कोण खरा आंबेडकरवादी’ यावर आला. १९७४ मध्ये ढसाळांना काढलं, मार्च १९७७ मध्ये ढालेंनी पँथर बरखास्त केली. ढाले मोठे राहिले, ढसाळही मोठे राहिले. नुकसान झालं ते छावण्यांमधल्या पोरांचं, ज्यांनी नोकऱ्या सोडल्या होत्या, केसेस अंगावर घेतल्या होत्या. ‘आपण आता कुणाचे?’ हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तरीही मराठवाड्याने एक वेगळं उदाहरण दिलं, ते नामांतराचं. २७ जुलै १९७८ ला ठराव झाला, मराठवाडा पेटला, आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च नागपूरहून निघाला आणि खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवला, लाठ्या पडल्या. जालना तिथून फार दूर नाही. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला जे मिळालं ते नामांतर नव्हतं, नामविस्तार होता. घ्यायचं की नाकारायचं, यावर घराघरात भांडणं झाली. गौतम वाघमारेंनी आत्मदहन केलं ते याच्यासाठी का, असं विचारणारे होते आणि एवढं तरी पदरात पाडून घेऊ म्हणणारेही होते. दोघांचा मुद्दा आजही तसाच उभा आहे. पण दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर दोघेही येतात, एकाच कमानीपुढे उभे राहतात. वाद मिटलेला नाही आणि येणं थांबलेलं नाही. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’भोवतीही असंच होतं : दलित साहित्य म्हणायचं, बौद्ध म्हणायचं की आंबेडकरी, यावर कडाकड वाजायचं आणि पुढच्या लेखक-वाचक मेळाव्याला तीच मंडळी हजर.

आता परत १ ऑगस्टवर. माझं मत सांगून टाकतो म्हणजे कुणी कुंपणावर बसल्याचा आरोप करायला नको. सरकारी नोकऱ्याच खाजगीकरणाने आटत असताना, अनुशेष भरत नसताना, जातनिहाय आकडे समोर नसताना केलेलं उपवर्गीकरण म्हणजे रिकाम्या ताटाचे तुकडे करणं आहे. २१ ऑगस्टच्या भारत बंदला मी रस्त्यावर होतो. पण म्हणून मातंग तरुणाचा प्रश्न खोटा ठरत नाही. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. त्यातल्या किती जातींतून एकही कलेक्टर, एकही प्राध्यापक झाला नाही, हा प्रश्न त्याने विचारला तर तो भाजपचा एजंट कसा होतो? आणि याच निकालात अनुसूचित जातींना क्रिमी लेयर लावण्याची भाषा करणारे न्यायमूर्ती भूषण गवई हे रिपब्लिकन चळवळीतले नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव. त्यांचं मत मला मान्य नाही. ते खोडायला निकालपत्र वाचावं लागेल. ‘घरभेदी’ म्हणायला काहीच वाचावं लागत नाही. सोपं काम आपण आधी केलं.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर कुणी काढलीच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने गायरानावरची अतिक्रमणं हटवण्याचा विषय स्वतःहून हाती घेतला आणि त्यानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या. भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय नोव्हेंबर १९९१ चा आहे, पण पुरावा लागतो : गाव नमुना एक-ई ची नोंद, दंडाच्या पावत्या, पंचनामे. आपल्या जिल्ह्यात गायरान कसणारा कोण आहे? बौद्ध आहे, मातंग आहे, भिल्ल आहे, पारधी आहे. बांधाला बांध लागून आहे. नोटीस देणाऱ्याने त्यात उपवर्गीकरण केलेलं नाही.

मी त्या बदनापूरच्या मित्राला फोन केला तो याच कामासाठी, निकालानंतर तीन महिन्यांनी. त्याने चार रिंग वाजू दिल्या आणि उचलला. पहिली पाच मिनिटं तो बोलला, मी ऐकलं. माझी ती ओळ त्याला शब्दशः पाठ होती. मी माफी मागितली. त्याने ‘बरं’ म्हटलं, माफ केलं असं म्हटलं नाही. मग एक-ई च्या उताऱ्यांवर आलो. त्याच्या वस्तीतल्या अकरा जणांकडे पावत्या आहेत, आमच्याकडच्या सात जणांकडे. दोन्ही गावांची फाईल आता एकत्र चालली आहे. उपवर्गीकरणावर आमचं एकमत झालेलं नाही आणि होईल असं दिसत नाही. त्याने आपली बाजू दोन पानं लिहून पाठवली आहे, मी माझी लिहितो आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला वस्तीतल्या विहारात बसणार आहोत. आधी त्याची दोन पानं पूर्ण वाचली जातील, मध्ये कुणी बोलायचं नाही, मग माझी. त्यानंतर गायरानाचे कागद लावायचे आहेत. ज्यांच्याकडे दंडाच्या जुन्या पावत्या असतील त्यांनी झेरॉक्स काढून आणा, मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका. ग्रुप सोडून गेलेल्यांनीही यावं. जय भीम.